काजव्याच्या टाकीवरचा दिवा

गोदीत त्याला सगळे काजवा म्हणायचे. जहाजाच्या पोटात दिवसाही अंधार असतो. तिथे लांब कुठेतरी निळसर ठिपका उघडझाप करताना दिसला की समजायचं, काजवा कामाला लागला. तो वेल्डर, मी फिटर. मी पत्रे जुळवायचे, फट सारखी करायची आणि त्याने ती भरायची. माझी फट चुकली तर त्याचा जोड चुकणार, आणि त्याचा जोड चुकला तर बोल मला लागणार, अशी आमची गाठ. नवरा-बायकोही एकमेकांचं इतकं सहन करत नसतील.

त्याचा एक नियम होता. अंदाज घरी ठेवून यायचा. "साधारण बरोबर आहे" असं कोणी म्हटलं की तो हेल्मेट वर करून विचारायचा, "साधारण म्हणजे किती? जहाजात पाणी साधारण शिरतं का?" मग मुकाट्याने माप घ्यावं लागायचं. नवी माणसं त्याला खडूस म्हणायची. पण त्याचा जोड फुटला म्हणून जहाज परत आलं, असं कधी झालं नाही. कौतुक करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. जोड मनासारखा झाला की हातोडीने वरची जळकी मळी उडवायचा, गार झाल्यावर वरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "चालेल." त्याच्या तोंडून तेवढा एक शब्द ऐकायला आम्ही जिवाचं रान करायचो.

हे आधी सांगतो, कारण पुढे जे घडलं ते अशा माणसाच्या बाबतीत घडलं.

निवृत्त झाल्यावर त्याचे हात रिकामे राहिले. न बिघडलेल्या वस्तू तो दुरुस्त करू लागला. एकदा वहिनी रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठेतरी गुंतवा. काल चांगला चालणारा पंखा उघडला. आज दाराची कडी. उद्या मला उघडतील."

मी गुंतवायच्या आधीच तो गुंतला. त्यांच्या कोपऱ्यावर शोभेच्या माशांचं दुकान आहे. तिथल्या एका लोखंडी मांडणीचा पाय मोडला होता, तो जोडायला काजवा गेला. मजुरी घेईना. दुकानदाराने मग एका खड्यावर चिकटवलेली बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी एक फांदी पिशवीत घालून दिली. प्रवाळाची फांदी. जिवंत.

ती पिशवी घेऊन तो थेट माझ्याकडे आला.

"फिटर, जहाज गोदीत आलं, पाणी उपसलं, की पहिलं काम काय असायचं?"

"खरवडायचं. बुडाला चिकटलेले शिंपले, शेवाळ, सगळं."

"म्हणजे समुद्राने जे जे लावलं, ते आपण जन्मभर खरवडून फेकलं," तो म्हणाला. "आता एकदा वाढवून बघतो."

इतकं लांबलचक तो गोदीत कधी बोलला नव्हता.

टाकीची घोडी त्याने स्वतः जोडली. पाणसळ मी लावली. रिकामी असताना लावली, तर म्हणाला, भरल्यावर पुन्हा लाव, पाण्याच्या वजनाने लाकडी जमीन बसते. बसलीच होती, केसभर. पुन्हा पाचर घातली. मग खारं पाणी कालवलं, खडक रचले आणि ते पाणी मुरेपर्यंत नुसतं वाट बघणं. आठवडेच्या आठवडे त्या टाकीत खडक आणि पाणी याखेरीज काही नव्हतं, आणि हा त्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. वहिनी म्हणायच्या, "लग्नानंतर माझ्याकडे इतकं बघितलं असतं तर!"

प्रवाळ म्हणजे काय, ते मला त्यानेच सांगितलं. तो दगड नाही आणि झाडही नाही. बारीक बारीक जीव एकमेकांना धरून राहतात आणि आपल्याखाली स्वतःच दगडाचं घर बांधतात. त्या जीवांच्या अंगात आणखी बारीक वनस्पती राहतात. त्या उजेडावर अन्न करतात, आणि त्यांच्यातलं बरंचसं हे जीव खातात. म्हणून टाकीवरचा दिवा हा दिवा नाही, जेवण आहे. हे सांगताना तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू उद्या मला परीक्षा द्यायची आहे.

ती पेराएवढी फांदी काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढी झाली. तपकिरी, टोकांना फिकट जांभळी. शेजारची माणसं बघायला यायची. काजवा बाजूला उभा राहायचा. कोणी "वा!" म्हटलं की म्हणायचा, "चालेल." आणि कान मात्र लाल व्हायचे.

मग त्याच्या टाकीवरच्या दिव्याच्या नळ्या जुन्या झाल्या. तसल्या लांब नळ्या आता येत नाहीत, असं दुकानदाराने सांगितलं. नवा दिवा निवडावा लागणार होता. काजवा मला बरोबर घेऊन गेला.

दुकानात मागच्या भिंतीला वेगवेगळे दिवे टांगलेले होते. दुकानदार तरुण, पण कामातला माणूस. त्याने आधी दिवा दाखवलाच नाही. विचारलं, "काका, टाकी खोल किती? प्रवाळ तळाशी आहे की वर? दिवा पाण्यापासून किती उंच टांगणार?" मला तो आवडला. काजव्याने उत्तरं बिनचूक दिली. मग दुकानदाराने मधला एक दिवा लावून दाखवला. निळा, थोडा पांढरा. मला तो झगझगीत वाटला.

काजवा डोळे बारीक करून म्हणाला, "हा तर कंदील आहे."

"काका, तुमच्या टाकीला हा पुरून उरेल. याच्या निम्म्यावर चालवायला लागेल सुरुवातीला."

"पलीकडचा लाव."

पलीकडचा लावला. मी तोंड फिरवलं. काजवा सरळ त्या दिव्याकडे बघत उभा राहिला. "हा बरा आहे. फार नाही, पण बरा."

तो सगळ्यात मोठा होता. उघड्या मैदानासारख्या टाकीवर लावतात तसला. दुकानदार म्हणाला, "घ्या, पण एक ऐका. याला हे चाक आहे, उजेड कमी-जास्त करायचं. पहिले काही आठवडे अगदी खाली ठेवा. मग थोडं थोडं वर. सिनेमा बघून भर दुपारी बाहेर आलं की कसं होतं? तसं प्रवाळाचं होतं. फरक इतकाच की त्याला डोळे मिटता येत नाहीत."

काजव्याने मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "पोरगा चांगला आहे, पण त्याच्या दुकानात सगळे दिवे मंदच. आजकाल कशातच दम राहिला नाही. घरातले बल्बसुद्धा बघ. सगळे बदलले, तरी अंधारच."

बल्ब बदलले हे मला माहीत होतं. त्यांच्या घरात शिरलं की मला दुकानात शिरल्यासारखं वाटायचं.

दिवा टांगायला मी गेलो होतो. साखळ्या दोन्हीकडून सारख्या, माप घेऊन. चाक त्याने आधी खाली ठेवलं, दुकानदाराने सांगितलं होतं तिथे. खुर्चीत बसला. बघितलं. उठून थोडं वर केलं. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

"काजव्या, तो म्हणाला होता हळूहळू."

"हळूहळूच करतोय. पण निदान प्रवाळ दिसायला तर हवं."

नंतर मी काही दिवस माझ्या मुलीकडे होतो. परत आल्यावर वहिनींचा फोन आला. नेहमीची थट्टा नव्हती. "भाऊजी, येऊन जा. यांच्याशी कोणीतरी बोला."

मी गेलो. जिन्यातच दाराच्या फटीतून निळा उजेड पडला होता. आत टाकी अशी पेटली होती की भिंतीवर माझी सावली कातरल्यासारखी स्वच्छ दिसत होती. वहिनी टाकीकडे पाठ करून, मधे चादर टांगून भाजी निवडत होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "हा दिवा आहे की सूर्य? मी काय काळी काच लावून स्वयंपाक करू?"

"तिला मेणबत्तीसुद्धा झोंबते," काजवा म्हणाला. "तिचं ऐकू नकोस. हे बघ."

मी बघितलं. ताटाएवढं ते प्रवाळ पांढरं पडत चाललं होतं. टोकं खडूसारखी. तपकिरी रंग खाली सावलीच्या बाजूला उरला होता, बाकी उडालेला. फांद्यांवर जे बारीक केसांसारखं लवलवायचं, ते आत ओढलेलं.

"भूक लागलीय त्याला," काजवा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "खिडकीतली ती वेल आठवते? मधल्या खोलीत ठेवली तर अशीच पिवळी पडली होती. उजेडात आणली आणि उठली. ह्यालाही उजेड कमी पडतोय. म्हणून मी चाक वर नेतोय. आता आणखी जागाच नाही वर न्यायला. दुसरा दिवा जोडावा म्हणतोय, शेजारी."

"दुसरा?" वहिनी चादरीमागून म्हणाल्या. "मग मी तिसऱ्या घरी जाते राहायला."

मी म्हणालो, "मला तर आत्ताच डोळे उघडे ठेवता येत नाहीत."

"तू फिटर. तुला काय उजेडाचं कळतं? माझं आयुष्य वेल्डिंगच्या आर्कपुढे गेलं."

"काळ्या काचेमागे गेलं," मी म्हणालो.

त्याने टाकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं रागावला. मग वहिनी बाहेर आल्या आणि त्याच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भाऊजी, मोजे बघा. एक काळा आणि एक निळा. रोज. मी जोडी लावून ठेवते, हे मोडून ठेवतात. परवा निळा दोरा आणायला पाठवलं तर काळा आणला, आणि वर माझ्याशीच भांडले, हाच निळा म्हणून."

"दुकानात अंधार होता," काजवा म्हणाला.

"सगळ्या जगात अंधार आहे, एक तुम्ही तेवढे उजेडात!"

त्यावर हसू आलं नाही कोणालाच. मी खाली उतरलो आणि सरळ माशांच्या दुकानात गेलो. आमच्या धंद्यात दोघांचं एका गोष्टीवर जमलं नाही की तिसरा बोलवत नसत. माप आणत.

दुकानदाराकडे उजेड मोजायचं मीटर होतं. एका वायरीच्या टोकाला बोटभर डोळा, तो पाण्यात सोडायचा आणि आकडा वाचायचा. त्याने ते काढून दिलं. "न्या काका. मी फोनवर सांगून थकलो. पालथ्या घड्यावर पाणी."

"पण उजेड जास्त झाला तर पांढरं का पडेल?" मी विचारलं. "ऊन जास्त म्हणून झाड पांढरं पडलेलं मी पाहिलं नाही."

त्याने समजावलं. "प्रवाळाच्या अंगातल्या त्या वनस्पती भाडेकरू समजा. भाडं म्हणून जेवण देतात. उजेड झेपेनासा झाला की त्या जेवणाबरोबर विष करायला लागतात. मग घरमालक त्यांना बाहेर काढतो. रंग त्यांचा असतो, तो गेला की मालक पांढरा दिसतो. तेव्हा तो मेलेला नसतो, पण उपाशी असतो. भाडेकरू परत आले तर जगतो. नाही आले तर..." त्याने हात झटकले. "आधी उजेड उतरवा. आजच."

मी मीटर घेऊन परत वर गेलो, ते बघून काजवा उठून बसला. मापाला तो कधी नाही म्हणायचा नाही. मी तो डोळा प्रवाळाच्या उंचीला धरला. दुकानदाराने सांगितलं होतं, दोनशेच्या अलीकडे ठेवा. काटा नव्हता, आकडे होते. ते पाचशेच्या वर जाऊन थांबले.

"बिघडलंय," काजवा म्हणाला.

"असेल," मी म्हणालो. "तपासू."

आमच्याकडे रीत होती. मापावर शंका आली तर माप फेकायचं नाही आणि त्यावर विश्वासही ठेवायचा नाही. ज्याचं माप आधीच पक्कं माहीत आहे अशा वस्तूला ते लावून बघायचं. मी तसं म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. आम्ही दोघं मीटर घेऊन दुकानात गेलो. जिन्यावर मी पुढे होतो. तो कठड्याला धरून, पायरी चाचपत उतरत होता. इतक्या वेळा त्याच्याबरोबर उतरलो असेन. त्या दिवशी पहिल्यांदा मागे वळून बघितलं.

दुकानदाराकडे दुसरं एक मीटर होतं, नवं. दोन्ही एकाच टाकीत, एकाच जागी धरली. दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखा.

काजव्याने स्वतः हातात घेऊन पुन्हा धरलं. जागा बदलून धरलं. मग वायर नीट गुंडाळून मीटर परत माझ्याकडे दिलं.

येताना रस्त्याच्या कडेला एक बाक आहे, तिथे तो बसला. मीही बसलो. समोरून गाड्या जात होत्या.

"माप बरोबर आहे," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे उजेड जास्त आहे."

"हो."

"मग मला अंधार का दिसतो?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याने विचारलं, "खरं सांग. तो दिवा तुला कसा दिसतो?"

"निळा. लख्ख निळा. तुझ्या आर्कसारखा."

"मला धुतलेल्या फडक्याच्या पाण्यासारखा दिसतो," काजवा म्हणाला. "मळका. मला वाटलं, असलाच येत असेल आता."

मग त्याने थोरल्या मिस्त्रीचं नाव काढलं. आमच्या आधीच्या पिढीतला वेल्डर. निवृत्तीनंतर तो गोदीच्या फाटकाशी यायचा, तेव्हा बायको त्याचा हात धरून आणायची. तो माणसांना आवाजावरून ओळखायचा आणि आम्ही सगळे त्याच्याशी उगाच मोठ्याने बोलायचो, जसा काही तो बहिरा होता. काजवा म्हणाला, "आर्क आधी हात घेत नाही, पाठ घेत नाही. डोळे घेतो. डॉक्टरकडे गेलो तर तो काय सांगणार? जळले, संपले, घरी बसा. तेवढं ऐकायला कशाला जायचं? न ऐकता घरी बसलोच होतो की."

"आणि प्रवाळ?"

तो उठला. "प्रवाळाने काय केलंय," म्हणाला.

घरी गेल्यावर त्याने वहिनींना टाकीपाशी बोलावलं. "हे चाक आजपासून तुझ्याकडे. फिटर आकडा वाचेल, तू फिरव. मी हात लावणार नाही."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एरवी त्यांनी ही संधी सोडली नसती. त्या नुसत्या पुढे आल्या. मी डोळा पाण्यात सोडला आणि त्यांनी चाक खाली आणलं. दोनशेवर. दुकानदाराने सांगितलं होतं, आजाऱ्याला आणखी कमी. म्हणून आणखी खाली. खोलीत आता माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसायला लागले. वहिनींनी चादर काढली आणि घडी केली.

"आता मला काहीच दिसत नाही तिथे," काजवा म्हणाला. तक्रार नव्हती ती. नोंद होती.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," वहिनी म्हणाल्या.

"बघू."

"अहो, बघू कशाने? तेच तर नाही ना."

डोळ्यांच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. काजवा खुर्चीत असा बसला होता की गोदीच्या साहेबासमोरही कधी बसला नसेल. त्याने आधीच सांगून टाकलं, "मी वेल्डर होतो. जळले असतील तर सरळ सांगा."

"जळले नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे, आणि चांगला पिकलाय. डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी झालंय. त्यातून निळा रंग आत जातच नाही, म्हणून सगळं मळकं दिसतं."

"आर्कमुळे?"

"थोडं असेल, नसेल, सांगता येत नाही. वयाने सगळ्यांनाच होतो. माझ्या आईलाही झाला. तिने उभ्या जन्मात वेल्डिंग बघितलं नाही. भिंग काढून नवं घालायचं. एक डोळा आधी, दुसरा नंतर."

काजव्याने विचारलं, "नवं भिंग बसवताना फट राहत नाही ना?"

डॉक्टरबाईंना हसू आलं. वहिनी म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. हे सगळ्यांनाच विचारतात."

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत आम्ही प्रवाळाची वाट बघितली. मी जवळजवळ रोज जायचो. काजवा खुर्चीत बसून विचारायचा, "सांग." आणि मी सांगायचो. कुठली फांदी पांढरी, कुठली फिकट, कुठे केस बाहेर आले. मला उगाच बरं सांगायची सवय नाही आणि त्याला ते चाललं नसतं. डाव्या अंगाच्या फांद्या मेल्या. पांढऱ्या फांदीवर हिरवट शेवाळ चढलं की तिथे जीव उरला नाही असं समजायचं. शेवाळ सरकत जिवंत भागाकडे येत होतं. दुकानदार म्हणाला, कापून टाका, नाहीतर तेही जाईल.

कापायचं काजव्याने, असं ठरलं होतं. त्याने हातमोजे घातले, पकड घेतली, हात पाण्यात घातला आणि तसाच थांबला. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं, ते त्याला दिसत नव्हतं. त्याने पकड माझ्या हातात दिली.

"सदोष जोड कसा काढायचा?" त्याने विचारलं.

"चांगलं लोखंड लागेपर्यंत खणायचं."

"मग थोडं जिवंतही काप. मेलेल्याच्या कडेला कापलंस तर कीड आतच राहते. कंजूषपणा करू नकोस."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाची बाजू उलटी झाली. तो शेजारी उभा आणि हत्यार माझ्याकडे. फांदी मोडताना कट्ट असा आवाज होतो, खडू मोडल्यासारखा. प्रत्येक आवाजाला तो मान किंचित हलवायचा. मी कापलेले तुकडे बादलीत टाकले. ताटाचं बशीएवढं राहिलं.

"किती राहिलं?" त्याने विचारलं. मी त्याचा हात पाण्यात नेऊन कडेने फिरवला. त्याने बोटांनी माप घेतलं. चालेल म्हणाला नाही.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं होतं. दवाखान्यातून ते नुकतेच आले होते. काजवा दारात काळा चष्मा लावून उभा. वहिनी म्हणाल्या, "रस्ताभर पाट्या वाचत आले. मला वाटलं पहिलीत घातलंय की काय."

तो आत आला, टाकीसमोर गेला, खुर्चीत बसला नाही. काळा चष्मा काढला. बघत राहिला.

"हा निळा आहे," तो म्हणाला.

"मग काय," वहिनी म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"आणला त्या दिवसापासून."

त्याने तळव्याने नवा डोळा झाकला आणि जुन्याने बघितलं. मग जुना झाकला आणि नव्याने. पुन्हा एकदा. जोडाच्या दोन्ही बाजू तपासतो तसं. मग वळून वहिनींकडे बघितलं. "हा स्वेटर निळा आहे? मला करडा वाटायचा."

"तुम्हीच आणलाय. करडा म्हणून."

त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. वहिनी म्हणाल्या, "आता सुरकुत्या मोजू नका. दुसरा डोळा तसाच राहू दे, हवं तर."

"छान दिसतेस," काजवा म्हणाला.

वहिनी आत निघून गेल्या. आतून पातेल्यांचा मोठा आवाज आला. इतका मोठा की त्यात काही शिजत नव्हतं हे कोणालाही कळलं असतं.

काजवा गुडघ्यावर बसला आणि काचेला नाक लावलं. बशीएवढं उरलेलं प्रवाळ त्याने पहिल्यांदाच नीट बघितलं. मला वाटलं आता हळहळेल. त्याने काचेवर बोट टेकलं.

"इथे खाली, ह्या दोन फांद्यांच्या बेचक्यात. बघितलंस?"

मी वाकलो. मला पांढरंच दिसलं. आणखी वाकलो. मग दिसलं. पांढऱ्यात अगदी फिकट तपकिरी छटा. कापलेल्या जागेवरही कातडी चढायला लागली होती, पातळ साय धरावी तशी. मी रोज बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

"भाडेकरू आले परत," तो म्हणाला. दुकानदाराचं ते बोलणं मीच त्याला सांगितलं होतं.

मी म्हणालो, "आता तुला दिसतंय. चाक घे तुझ्याकडे. किती हवं ते तूच ठरव."

तो उठला. गुडघा झटकला. टाकीवरच्या चाकाकडे बघितलं. हात गेला नाही त्याचा.

"नवा असला तरी डोळाच आहे तो," काजवा म्हणाला. "तोही कधीतरी पिकेल. दुकानात जा आणि मीटर घेऊन ये."

मी मीटर आणलं. त्याने वायर सोडवली, तो बोटभर डोळा स्वतः पाण्यात सोडला, प्रवाळाच्या उंचीला धरला. हात स्थिर होता. मग आत हाक मारली, "अगं, ये. चाक फिरवायचंय."

वहिनी हात पुसत आल्या. चाकापाशी उभ्या राहिल्या.

"किती?"

त्याने आकडा वाचला. स्वतः, चष्म्याशिवाय. "थोडं वर. आणखी थोडं. बास."

मग पुन्हा एकदा आकडा बघितला, वायर गुंडाळली आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "चालेल."